विसाला तीन कमी

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : प्राथमिक शाळेतील आणखी एक भाषा, वीस मुलांची अट आणि एकटे गुरुजी.

महोदय,

मी कुंभिवलीचा, तालुका खालापूर, जिल्हा रायगड. आमचे गाव कुठे आहे हे आपल्याला ठाऊक नसेल असे मी धरत नाही. मुंबईहून पुण्याला जाताना खालापूरच्या टोलनाक्यावर आपली गाडी थांबत नसली तरी वेग कमी करतेच; तिथून आम्ही फार लांब नाही. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे वीजघर सुरू झाले आणि इथल्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा अख्खे मंत्रिमंडळ आमच्या तालुक्याचे नाव घेत होते. तेव्हा आम्ही कोण, हे सांगण्यात आपला वेळ घेत नाही. मी खोपोलीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. थोडी भातशेती आहे, एक नात आहे. आणि काही प्रश्न आहेत, ज्यांची उत्तरे आपण देणे लागता.

नातीपासून सुरुवात करतो. ती दुसरीत आहे, महामार्गाच्या बाजूला उभ्या राहिलेल्या इंग्रजी माध्यमाच्या एका शाळेत. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण तिला पुढच्या सोमवारीही तिथेच जायचे आहे. प्रवेशाच्या वेळी जे गुळगुळीत माहितीपत्रक हातात दिले, त्यात घोडेस्वारीच्या खालोखाल फ्रेंच होते. पहिलीपासून फ्रेंच. फीच्या पावतीवर त्याची वेगळी ओळ आहे. पहिल्या वर्षी फ्रेंचच्या बाई गणपतीपर्यंत टिकल्या. दुसऱ्या आल्या त्या नाताळला गेल्या. त्यानंतर फ्रेंचच्या तासाला वर्गातल्या मोठ्या पडद्यावर गाणी लावतात आणि पी.टी.चे सर मागे उभे राहून गडबड होऊ देत नाहीत. नात घरी येऊन ‘बाँझूर’ म्हणते, स्वतःचे नाव फ्रेंचमध्ये सांगते, आम्ही टाळ्या वाजवतो. नाव काय यापुढे एक शब्द विचारला की ती पुन्हा नावच सांगते.

पण मी फ्रेंचवर रागावून हे पत्र लिहायला बसलो नाही. उलट एक मजा सांगतो. पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या अंगणात कातकरवाडीवरची एक मावशी शेवळे आणि चिंबोऱ्या घेऊन येते. तिचा हिशेब विसांचा. वीस म्हणजे एक विसा, साठ म्हणजे तीन विसा. त्या दिवशी तिने चिंबोऱ्यांचे ‘चार विसा’ सांगितले, माझ्या बायकोने घासाघीस केली, शेवटी ‘तीन विसा दहा’वर सौदा ठरला. नात हे सगळे ओटीवर बसून ऐकत होती, मांडीवर फ्रेंचची वही. संध्याकाळी तिला वहीतले आकडे म्हणायला लावले तेव्हा मी चाट पडलो. फ्रेंचमध्ये ऐंशीला ‘कात्र-व्हँ’ म्हणतात. कात्र म्हणजे चार, व्हँ म्हणजे वीस. चार विसा! नव्वदला ‘कात्र-व्हँ-दीस’, म्हणजे चार विसा दहा. सत्तर म्हणजे साठ आणि दहा. पॅरिसमधला भाजीवाला आणि आमची मावशी एकाच हिशेबाने पैसे मोजतात, हे त्या वहीत होते आणि ते सांगणारे वर्गात कुणी नव्हते. एक जरी शिक्षक असा भेटला असता ज्याला फ्रेंच येते आणि ही वाडीही ठाऊक आहे, तर नातीला ती भाषा आपली वाटली असती, आणि ती मावशीही.

आपल्याला हे आकड्यांचे प्रकरण नवीन नाही. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन दिले. कारण असे दिले गेले की, बासष्ट-त्रेसष्ट ही नावे लहान मुलांना जड जातात, जोडाक्षरे अडखळवतात. त्यावर केवढा गदारोळ झाला ते सोडा. मला त्यामागची कळकळ पटली होती. सात वर्षांच्या मुलाला मराठीतला ‘त्र्याहत्तर’ जड जातो हे ज्या खात्याला २०१९ मध्ये कळले होते, त्याच खात्याला २०२५ मध्ये सहा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर आणखी एक अख्खी भाषा ठेवावीशी वाटली. मधल्या सहा वर्षांत मुले बदलली, की खात्याची आठवण गेली?

त्या मावशीचीही एक नात आहे. माझ्या नातीच्याच वयाची. ती वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. त्या शाळेचेही नाव लिहीत नाही. लिहिले तर नोटीस आपल्याला येणार नाही, गुरुजींना येईल. पहिली ते चौथी मिळून पट सतरा. मावशीच्या भाषेत विसाला तीन कमी. शिक्षक एक. शिक्षणहक्क कायदा म्हणतो की साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेत दोन शिक्षक हवेत. त्यात वीसखाली एक चालेल असे कुठे लिहिलेले मला सापडले नाही. तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. माझी नात तेव्हा जन्मायची होती, तिचे आईवडील कॉलेजात होते. दुसरे पद आमच्या वाडीवर रिकामे आहे. विचारले की ‘प्रस्ताव पाठवला आहे’ असे ऐकतो. तो प्रस्ताव चालत निघाला असता तरी एव्हाना मंत्रालयात पोचला असता.

मी एकदा तिथे सकाळी साडेदहा ते साडेबारा बसून राहिलो. फळ्याच्या डाव्या अंगाला पहिली-दुसरी, उजव्या अंगाला तिसरी-चौथी. गुरुजींनी पहिलीला चित्र दाखवले आणि विचारले, हे काय? मावशीची नात उभी राहून म्हणाली, ‘चिंबोरी’. पुस्तकात होते ‘ख – खेकड्याचा’. गुरुजी हाडाचे शिक्षक, त्यांनी तिला शाबासकी दिली आणि मग दोन्ही शब्द फळ्यावर लिहायला घेतले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पोषण आहाराचा आजचा आकडा ॲपवर चढवायचा राहिला होता. तो चढवेपर्यंत केंद्रावरून मागणी आली, आधार नसलेल्या मुलांची माहिती बारा वाजेपर्यंत पाठवा. दारात जाऊन, वर हात करून, रेंज शोधत ते उभे राहिले. फळ्यावर ‘खे’ लिहिलेला राहिला, ‘कडा’ लिहायचा राहिला. पाऊण तासाने ते परतले तेव्हा पहिली बाहेर भोवरा खेळत होती.

आता आपल्या निर्णयांकडे येतो. १६ एप्रिल २०२५ रोजी आपल्या विभागाने शासन निर्णय काढला : मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून पाचवीपर्यंत हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य. राज्य पेटले. मग सांगण्यात आले की ‘अनिवार्य’ हा शब्द काढू. १७ जूनला सुधारित निर्णय आला, त्यात ‘अनिवार्य’च्या जागी ‘सर्वसाधारणपणे’ आले. शासनाच्या भाषेत या दोन शब्दांत किती अंतर असते, हे जो एकदा तरी पंचायत समितीच्या पायऱ्या चढला त्याला विचारावे. २९ जूनला मुख्यमंत्र्यांनी दोन्ही निर्णय रद्द केल्याचे जाहीर केले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तोवर शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. आमच्या वाडीवरचे गुरुजी त्या दोन आठवड्यांत मला रोज एकच विचारत : दादा, काय ठरलं? मुंबईत त्यावर मेळावे झाले, फेऱ्या निघाल्या, विजयही साजरा झाला. आमच्याकडे गुरुजी एकटे होते ते एकटेच राहिले.

त्या १७ जूनच्या निर्णयातले एक कलम मी आजही विसरू शकत नाही. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर एका वर्गात किमान वीस मुलांनी तशी इच्छा दाखवायला हवी. तरच शिक्षक मिळेल, नाहीतर ती भाषा ऑनलाइन शिकवली जाईल. महोदय, ज्यांनी हे कलम लिहिले त्यांनी आपल्याच विभागाचे कागद पाहिले होते का? ज्यांत वीसपेक्षा कमी मुले होती अशा १४ हजार ७८३ शाळा राज्यात होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजार ४६७ मुले शिकत होती, हे आकडे मी रचलेले नाहीत. २०२३ मध्ये ‘समूह शाळा’ काढायचे चालले होते तेव्हा आपल्याच खात्याने ते मोजले होते. त्या शाळांत वर्गात वीस कुठून आणायचे? संपूर्ण शाळेत वीस नाहीत! म्हणजे निवडीचा हक्क कुणाला? ज्यांच्याकडे गर्दी आहे त्यांना. बाकीच्यांनी ऑनलाइन. दारात उभे राहून वर हात करून जी रेंज येते, तिच्यावर.

वीस हा आकडा आपल्या खात्याचा आवडता दिसतो. वीसच्या खाली शाळा गेली की ती समूह शाळेत मिसळायचा विचार. १५ मार्च २०२४ च्या, शिक्षकपदे ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या निर्णयात सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की तिथे शिक्षकाचे पदच उरत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एका पदावर निवृत्त किंवा कंत्राटी माणूस बसवायची कल्पना निघाली. आणि पट तरी कसा मोजायचा, तर आधार जुळलेल्या मुलांचा. आमच्या वाडीवर मुले घरी जन्मतात, वीटभट्टीवर जन्मतात. जन्माचा दाखला नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून ती मुले आपल्या संगणकाला दिसत नाहीत. वर्गात बसलेले, नाक पुसणारे, चिंबोरी म्हणणारे मूल खात्याला दिसत नाही आणि त्याच्या न दिसण्यामुळे शिक्षकाचे पद जाते. असे असताना त्या मुलाने भाषा किती शिकाव्यात यावर मात्र खात्याचे मत तयार असते.

‘तिसरी’ या शब्दाविषयीही बोलले पाहिजे. आपण तिसरी भाषा म्हणता तेव्हा घरची मराठी ही पहिली धरता. माझ्या नातीपुरते ते खरे आहे. मावशीच्या नातीची घरची बोली कातकरी. कातकरी ही महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित मानल्या गेलेल्या तीन आदिम जमातींपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबरची. शेजारच्या वाड्यांवर ठाकर आहेत, त्यांचीही बोली निराळी. या मुलीला शाळेच्या पहिल्या दिवशी भेटणारी मराठी ही दुसरी भाषा. जून २००० पासून पहिलीत इंग्रजी आले, ती तिसरी. आपण आणणार होता ती चौथी. ‘तिसरी भाषा’ म्हणताना आपल्या खात्याने या मुलीला मोजलेच नाही, आणि ती भाषा हिंदी असो, फ्रेंच असो की आणखी कुठली, माझ्या पत्राचे कारण एवढेच आहे.

असे म्हणू नका की यावर कायदा नाही. राज्यघटनेच्या ३५० अ या कलमाने भाषिक अल्पसंख्य गटांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकवण्याच्या सोयी करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. ते कलम १९५६ पासून आहे. शिक्षणहक्क कायद्याचे २९ वे कलम शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा म्हणते. २०२० च्या ज्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आधार प्रत्येक निर्णयाच्या पहिल्या परिच्छेदात असतो, ते धोरणही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवायला सांगते. या तीन दस्तऐवजांच्या जोरावर आमच्या वाडीवर कातकरी बोलीतले पहिलीचे एक पुस्तक तरी पोचायला हवे होते. गुरुजींनी स्वतःच्या वहीत दीडशे शब्द लिहून काढले आहेत, कातकरी एका बाजूला, मराठी दुसऱ्या बाजूला. मागच्या पावसाळ्यात छप्पर गळले तेव्हा त्यांनी आधी ती वही उचलली, मग हजेरीपट. आपण त्या वहीची झेरॉक्स तरी काढून घ्या.

फ्रेंचबद्दल हेच धोरण काय म्हणते तेही आपण जाणता. कोरियन, जपानी, फ्रेंच, जर्मन या परकीय भाषा माध्यमिक टप्प्यावर देता येतील, असे त्यात आहे. माध्यमिक. पहिली नव्हे. तरीही महामार्गाच्या बाजूला पहिलीत फ्रेंच विकले जाते, त्याची पावती फाडली जाते आणि शिकवणारे कोण, ते फ्रेंच कुठे शिकले, सहा वर्षांच्या मुलाला भाषा कशी शिकवतात याचा त्यांना गंध आहे का, हे आपल्या खात्यातले कुणी येऊन विचारत नाही. नातीच्या वेळापत्रकात आठवड्याला फ्रेंचचे तास तीन आणि मराठीचे दोन. या राज्यात २०२० चा कायदा आहे, सर्व माध्यमांच्या, सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची. मोडणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड. तीन वर्षांत, २०२३ मध्ये, इतर मंडळांच्या शाळांना आठवीपासूनच्या एका तुकडीपुरती मराठीचे मोजमाप गुणांऐवजी श्रेणीत करायची सवलत मिळाली. ज्या विषयाचे गुण धरले जात नाहीत त्याला शाळा आणि पालक किती वेळ देतात, हे आपण शाळेत गेलेले असल्याने सांगायला नको. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी अभिजात झाली, पेढे आम्हीही वाटले. नातीच्या मराठीच्या वहीत मात्र दिवाळीपर्यंत चौदा पाने भरली होती.

आपण म्हणाल, हे सगळे लहान वयात भाषा लवकर उचलली जाते म्हणून. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते खोटे वाटू लागले आहे. माझी एक पुतणी शिक्षणशास्त्र शिकते, तिने मला एक जुनी हकिगत सांगितली. इंग्लंडमध्ये १९६४ साली सरकारी पैशाने प्राथमिक शाळांत आठव्या वर्षापासून फ्रेंच शिकवायचा मोठा प्रयोग झाला. त्यासाठी शिक्षक तयार केले, साहित्य छापले. आणि मुख्य म्हणजे दहा वर्षे हजारो मुलांच्या मागे राहून मोजमाप केले. १९७४ मध्ये क्लेअर बर्स्टाल यांचा अहवाल आला. आठव्या वर्षी सुरू केलेली मुले सोळाव्या वर्षी अकराव्या वर्षी सुरू केलेल्यांच्या पुढे फारशी नव्हती; थोडा फरक होता तो ऐकून समजण्यात. सुरुवातीलाच जी मागे पडली त्यांची मात्र त्या भाषेवरची इच्छा उडाली. हा निष्कर्ष शेवटचा शब्द आहे असे मी म्हणत नाही. त्याच इंग्लंडने २०१४ पासून प्राथमिकच्या वरच्या वर्गांना परभाषा सक्तीची केली. मला त्यातले एकच हवे आहे. त्यांनी निर्णय घेण्यापूर्वी दहा वर्षे मुलांकडे पाहिले. आपण एप्रिल ते जून एवढ्यात तीनदा बदललात, तेव्हा नेमके कुठल्या मुलांकडे पाहिले होते?

आणि इंग्लंडचे उदाहरण नको असे असेल तर मराठी माणसांचेच घेऊ. १८३४ नंतर गिरमिटिया म्हणून कोकणातून, रत्नागिरी भागातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या लोकांची नातवंडे-पणतवंडे आज तिथल्या प्राथमिक शाळेत पहिलीपासून इंग्रजी आणि फ्रेंच शिकतात. हवी असेल तर मराठीही. म्हणजे मराठी घरातल्या मुलांनी पहिलीत फ्रेंच शिकणे हे अशक्य मुळीच नाही. पण घरी ती मुले क्रिओल बोलतात. फ्रेंचच्या इतकी जवळची ती बोली, तरीही मुले शाळेत अडखळतात, हे तिथे वर्षानुवर्षे बोलले गेले आणि २०१२ मध्ये त्या सरकारने क्रिओलला प्राथमिक शाळेत विषय म्हणून आणले. ज्या बोलीला लोक मोडकी म्हणून हसत, तिला पुस्तक मिळाले. तेवढ्या चिमुकल्या बेटाला जमले ते आमच्या खालापूर तालुक्यात का जमू नये, यावर मला उत्तर हवे आहे.

आपल्या राज्यातही हौस करून पाहिली गेली आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांनी जपानी शिकायला घेतली, ते वर्तमानपत्रांत वाचून मला मनापासून आनंद झाला होता. पण त्यातले बारकावे बघा. मुले चौथी आणि त्यापुढची. भाषा त्यांनीच निवडली, रोबो बनवायचे म्हणून. आणि शिकवणारा गृहस्थ हौसेने, विनामोबदला वेळ देणारा. म्हणजे जिथे भाषा रुजली तिथे शासन नव्हते, माणूस होता. शासन होते तिथे काय झाले? शिक्षणमंत्री विनोद तावडे यांच्या काळात ‘महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ’ निघाले, काही जिल्हा परिषद शाळा ‘आंतरराष्ट्रीय’ झाल्या, रंगरंगोटी झाली, आणि सरकार बदलल्यावर २०२० मध्ये मंडळच गुंडाळले. २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार झाला, दहा हजार कुशल तरुण पाठवायचे, त्यांना जर्मन शिकवायची. आमच्या खोपोलीतल्या पोरांनीही अर्जांची चौकशी केली होती. प्रत्येक मंत्र्याला एक नवी भाषा आवडते. जुन्या मंत्र्याच्या भाषेचे पुढे काय झाले हे मात्र कुणी सांगत नाही.

दिवाळीनंतर आमच्या वाडीवर काय होते ते आपल्याला माहीत आहेच. भात झोडून झाले की बयाणा घेतलेली कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. टेम्पो पहाटे येतो. भांडी, कोंबड्या, मुले, सगळे एकाच हौद्यात. सतरातली अकरा मुले त्या टेम्पोत चढतात आणि पावसाच्या आधी परततात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह असते, म्हणजे कागदावर असते; आमच्याकडे त्याचा आदेश यायला जानेवारी उजाडतो. मागच्या वर्षी मावशीची नात जाताना गुरुजींनी तिच्या हाती अंकलिपी दिली. ती मे महिन्यात परतली तेव्हा अंकलिपी तिने जपली होती, पाने विटांच्या भुकटीने लाल झाली होती. आणि ‘ख’ ती विसरली होती. या मुलीला तिसरी की चौथी, हिंदी की फ्रेंच, या वादात आपण महिने घालवले. तेवढ्या महिन्यांसाठी एक शिक्षक त्या भट्टीवर गेला असता तर?

तेव्हा मला समितीचा अहवाल नको, त्यावरचे परिपत्रकही नको. वाडीवरचे दुसरे पद कुठल्या तारखेला भरणार, ती तारीख हवी. कातकरी आणि ठाकरी बोलीतले पहिलीचे पुस्तक कोण तयार करते आहे, की कुणीच नाही, हे हवे. ज्यांना आधार नाही ती मुले पटात मोजणार का, हे हो किंवा नाही या दोन शब्दांत हवे. फ्रेंच शिकवतो म्हणून पैसे घेणाऱ्या शाळांतल्या शिक्षकाची पात्रता पाहायला माणूस कोण, त्याचे पद काय, आणि तो शेवटचा कधी आमच्या तालुक्यात उतरला होता? आणि यापुढे कुठलीही भाषा पहिलीत आणण्यापूर्वी एकशिक्षकी शाळेतल्या एका गुरुजीला तरी विचारणार आहात का? आमच्या वाडीवर आजवर विचारायला कुणी आले नाही. टोलनाक्यावरून दुचाकीने अर्धा तास लागतो, शेवटचा टप्पा पायी आहे, पण वाट बरी आहे.

याच मजकुराचे साधे अर्ज मी यापूर्वी तालुक्याला दोनदा आणि जिल्ह्याला एकदा दिले आहेत. तिन्हींच्या पोहोच-पावत्या माझ्याकडे आहेत. एकावर ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित’ असा शेरा आहे. कुणाकडे अग्रेषित ते लिहिलेले नाही.

उत्तर मराठीत दिलेत तरी पुरेल. मावशीला ते तिच्या बोलीत समजावून सांगायला गुरुजी आहेत, निदान एप्रिलपर्यंत. त्यांच्या बदलीची यादी लागली आहे असे ऐकतो.

आपला,
कुंभिवलीचा एक रहिवासी

ता. क. : पत्र लिहून झाले तेव्हा नात शेजारी येऊन बसली आणि विचारू लागली, आजोबा, मावशीची नात माझ्या शाळेत का येत नाही, तिला तर आकडे आधीच येतात.